‘ड्यून’ : एका बृहत् विज्ञान-कादंबरीच्या चित्रपट-रूपांतराचा इतिहास (१९६५ ते २०२४)

प्रस्तावना :

साहित्यकृतीचे चित्रपटात रूपांतर होणे ही चित्रपटाच्या इतिहासाइतकीच जुनी घटना आहे. तथापि विज्ञान-कादंबरीच्या बाबतीत, आणि त्यातही महाकाव्याचा विस्तार असलेल्या विज्ञान-कादंबरीच्या बाबतीत, हा प्रवास विशेष खडतर ठरलेला दिसतो. सामाजिक वा ऐतिहासिक कादंबरीतील जग प्रेक्षकाला निदान अंशतः परिचित असते. विज्ञान-कादंबरीत मात्र भूगोल, धर्म, राज्यव्यवस्था, भाषा आणि चालीरीती हे सारे लेखकाने नव्याने रचलेले असते. हे सर्व अडीच-तीन तासांत प्रेक्षकाला समजावून सांगायचे आणि त्याच वेळी कथाही पुढे न्यायची, असा दुहेरी भार पटकथाकारावर येऊन पडतो.

अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट (१९२०–१९८६) यांची ‘ड्यून’ ही १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली कादंबरी या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे. तिच्या रूपांतराचे प्रयत्न १९७१ पासून सुरू झाले. त्यांतील काही कागदावरच विरले, एक पुरा होऊनही फसला, एक दूरचित्रवाणीपुरता मर्यादित राहिला आणि अखेरीस पन्नास वर्षांनंतर एकाला व्यापक यश लाभले. या अपयशांचे खापर सामान्यतः तंत्रज्ञानाच्या मर्यादांवर फोडले जाते. वाळूतील अजस्र कृमी पडद्यावर दाखविण्याचे साधन उपलब्ध नव्हते म्हणून चित्रपट झाला नाही, असे हे स्पष्टीकरण असते. ते अपुरे आहे. खरी अडचण कथेच्या कालविस्तारात, पात्रांच्या मनोव्यापारांत आणि सर्वांत अधिक म्हणजे कादंबरीचा स्वतःच्या नायकाविषयी जो संशय आहे त्यात होती, असे या इतिहासाच्या अवलोकनातून दिसून येते.

कादंबरीची जडणघडण :

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हर्बर्ट हे पत्रकार या नात्याने ऑरेगन राज्यातील फ्लोरेन्स या गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांविषयी माहिती जमवीत होते. सरकत्या वाळूने रस्ते आणि वस्त्या गिळू नयेत म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने तेथे विशिष्ट गवताची लागवड करून वाळू रोखून धरण्याचा प्रयोग चालविला होता. नियोजित लेख कधीच पूर्ण झाला नाही. मात्र वाळू, पाणी आणि मनुष्यवस्ती यांच्या संबंधांविषयीचे त्यांचे वाचन वाढत गेले व त्यातून अराकिस या निर्जल ग्रहाची कल्पना आकारास आली. वाळवंटी प्रदेशांतून उगम पावलेल्या धर्मांचा आणि त्या धर्मांतील प्रेषितांचा विचार या वाचनाशी जोडला गेला.

ही कथा प्रथम ‘अ‍ॅनलॉग’ या मासिकात क्रमशः आली. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९६४ या काळात तीन हप्त्यांत पहिला भाग आणि जानेवारी ते मे १९६५ या काळात पाच हप्त्यांत पुढील भाग प्रसिद्ध झाला. ग्रंथरूपासाठी मात्र वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी मोटार-दुरुस्तीच्या मार्गदर्शक पुस्तकांसाठी ख्यात असलेल्या चिल्टन या प्रकाशनसंस्थेने ती स्वीकारली. पुढे तिला १९६६ चा ह्यूगो पुरस्कार (रॉजर झेलाझ्नी यांच्या कादंबरीसह विभागून) आणि सर्वोत्कृष्ट कादंबरीचा पहिलाच नेब्युला पुरस्कार लाभला.

कथानकाचा गाभा थोडक्यात असा : दूरच्या भविष्यात मानवजात असंख्य ग्रहांवर पसरलेली असून तिच्यावर एका सम्राटाची व सरंजामी घराण्यांची सत्ता आहे. अंतराळप्रवास ज्या ‘मसाल्या’वाचून अशक्य आहे तो केवळ अराकिसवर सापडतो. सम्राटाच्या आज्ञेने अ‍ॅट्रेइडीस घराणे त्या ग्रहाचा कारभार हाती घेते आणि विश्वासघाताने नष्ट होते. वाचलेला तरुण पुत्र पॉल वाळवंटातील फ्रेमेन या लोकांत आश्रय घेतो, त्यांचा प्रेषित बनतो आणि सूड घेऊन सिंहासन मिळवितो. येथवर ही कथा जगातील कोणत्याही वीरकथेसारखी भासते. परंतु फ्रेमेन लोकांमधील प्रेषिताच्या आगमनाची भाकिते ही बेने जेसेरिट या स्त्रीसंघाने पूर्वीच हेतुपुरस्सर पेरून ठेवलेली आहेत, हे हर्बर्ट वाचकाला स्पष्टपणे सांगतात. लोकांची श्रद्धा खरी आहे, तिचा आधार मात्र बनावट आहे. पॉललाही हे ठाऊक आहे. आपल्या नावाने विश्वभर रक्तपात होणार हे त्याला दिसते, तरीही तो त्या श्रद्धेचा उपयोग करून घेतो.

कादंबरीची परिभाषा अरबी, फारसी आणि कॉकेशसमधील भाषांतून घेतलेली आहे. इमाम शमिल यांच्या रशियाविरुद्धच्या लढ्यावरील लेस्ली ब्लँच यांच्या १९६० च्या ग्रंथातून हर्बर्ट यांनी अनेक शब्द उचलले. सम्राटाला दिलेली ‘पादिशहा’ ही पदवी तर मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारणच नाही. बखरींतील ‘पातशहा’ तो हाच.

हक्कांची भटकंती आणि एक न झालेला चित्रपट :

चित्रपटाचे हक्क प्रथम १९७१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’चे निर्माते आर्थर जेकब्स यांनी घेतले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) चे दिग्दर्शक डेव्हिड लीन यांना त्यांनी विचारणा केली होती, परंतु लीन यांनी नकार दिला. वाळवंट, बंडखोर टोळ्या आणि त्यांच्यात येऊन त्यांचा नेता बनणारा परका पुरुष एवढे साम्य पाहता ही निवड स्वाभाविकच होती. जून १९७३ मध्ये जेकब्स यांचे निधन झाले आणि तो प्रयत्न तेथेच संपला.

त्यानंतर फ्रेंच निर्माते मिशेल सेदू यांच्या पाठबळावर चिलीत जन्मलेले दिग्दर्शक आलेहान्द्रो होदोरोव्स्की यांनी हे काम हाती घेतले. त्यांनी जमविलेल्या मंडळींची नावे आजही थक्क करतात. सम्राटाच्या भूमिकेत चित्रकार साल्वादोर दाली, खलनायक बॅरनच्या भूमिकेत ऑर्सन वेल्स, त्याचा पुतण्या म्हणून मिक जॅगर आणि पॉलच्या भूमिकेत स्वतः होदोरोव्स्की यांचा मुलगा ब्रोन्टिस अशी योजना होती. संगीतासाठी पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाशी बोलणी झाली. मोबियस या टोपणनावाने परिचित असलेले चित्रकार जाँ जिरो यांनी सुमारे तीन हजार रेखाचित्रांतून संपूर्ण चित्रपट कागदावर उतरविला. यानांची रेखाटने क्रिस फॉस यांनी, तर खलनायकाच्या ग्रहाची चित्रे स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनी केली.

होदोरोव्स्की यांनी कादंबरीशी निष्ठा राखण्याचा देखावाही केला नाही. त्यांच्या पटकथेत पॉल अखेरीस मारला जातो, त्याची चेतना सर्वांत शिरते आणि अराकिस ग्रह स्वतःच जागृत होऊन विश्वात फिरू लागतो. हर्बर्ट यांनी ती पटकथा पाहिली तेव्हा तिचा आकार टेलिफोनच्या पुस्तकाएवढा असून चित्रपट चौदा तासांचा होईल असे त्यांचे मत पडले. पूर्वतयारीवरच सुमारे २० लक्ष डॉलर खर्च झाले होते. उरलेले भांडवल हॉलीवूडमधील एकाही स्टुडिओने दिले नाही. चित्रे त्यांना आवडली, दिग्दर्शकाची मात्र त्यांना भीती वाटली.

हा चित्रपट झाला नाही, तरी त्याचे अवशेष इतरत्र उगवले. दृक्-परिणामांसाठी नेमलेले डॅन ओबॅनन यांनी पुढे ‘एलियन’ची (१९७९) पटकथा लिहिली आणि त्या चित्रपटासाठी गीगर, फॉस व मोबियस हे तिघेही पुन्हा एकत्र आले. फ्रँक पाविच यांच्या २०१३ मधील माहितीपटामुळे हा सारा वृत्तान्त सर्वतोमुखी झाला, आणि न झालेल्या चित्रपटाभोवती जे वलय निर्माण होते ते पूर्ण झालेल्या चित्रपटाला क्वचितच लाभते याचाही प्रत्यय आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॅरिस येथील लिलावात त्या चित्रग्रंथाची एक प्रत २६ लक्ष युरोहून अधिक किमतीस गेली. ती घेणाऱ्या गटाने तिच्या आधारे नवनिर्मिती करण्याची घोषणा केली, तेव्हा ग्रंथाची प्रत विकत घेणे म्हणजे त्यावरील स्वामित्वहक्क विकत घेणे नव्हे, याची आठवण त्यांना अनेकांनी करून दिली.

लिंच यांचा ‘ड्यून’ (१९८४) :

१९७६ मध्ये इटालियन निर्माते दिनो दे लॉरेन्टिस यांनी हक्क मिळविले. प्रथम खुद्द हर्बर्ट यांच्याकडून पटकथा लिहवून घेण्यात आली. ती १७५ पानांची, म्हणजे जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटाची झाली. मूळ लेखकालाही स्वतःच्या कृतीचा संक्षेप साधला नाही, ही बाब लक्षणीय आहे. पुढे रिडली स्कॉट यांची नियुक्ती झाली. परंतु १९८० मध्ये थोरल्या बंधूंच्या निधनानंतर ते या कामातून बाहेर पडले आणि ‘ब्लेड रनर’कडे (१९८२) वळले. दरम्यान १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला होता. वाळवंटी ग्रह, सम्राट, गूढ शक्ती असलेला तरुण ही सामग्री प्रेक्षकांनी आता आधीच पाहिलेली होती आणि अंतराळातील कथेकडून त्यांची अपेक्षाही निश्चित झाली होती.

‘द एलिफंट मॅन’ (१९८०) मुळे नावारूपास आलेले डेव्हिड लिंच यांच्याकडे शेवटी हे काम आले. मार्च १९८३ मध्ये मेक्सिको शहरातील चुरुबुस्को स्टुडिओत चित्रीकरण सुरू झाले. ऐंशी नेपथ्यरचना, सोळा चित्रीकरण-दालने, सुमारे सतराशे कर्मचारी आणि चार कोटी डॉलरहून अधिक खर्च असा हा पसारा होता. प्रारंभिक संकलन चार तासांहून अधिक लांबीचे झाले. चित्रपटगृहांना दिवसाकाठी जितके खेळ हवे होते तितके त्या लांबीत बसणे शक्य नव्हते. १४ डिसेंबर १९८४ रोजी प्रदर्शित झालेला चित्रपट १३७ मिनिटांचा होता. अंतिम संकलनाचा अधिकार लिंच यांच्याकडे नव्हता.

या कापाकापीचे परिणाम चित्रपटाच्या उत्तरार्धात उघड दिसतात. पॉल वाळवंटात आल्यापासून सम्राटाचा पराभव होईपर्यंतच्या काळातील बराचसा भाग निवेदनाच्या मोजक्या वाक्यांत उरकला जातो. फ्रेमेन लोकांचा विश्वास पॉल कसा मिळवतो, हा कादंबरीचा अर्धा भाग, पडद्यावर जवळजवळ अदृश्य आहे. काही चित्रपटगृहांत प्रेक्षकांना परिभाषेचे अर्थ देणारे छापील कागद वाटण्यात आले. कादंबरीच्या शेवटीही शब्दकोश आहे, पण वाचक पान उलटून पाहू शकतो. अंधारात बसलेल्या प्रेक्षकाच्या हाती तोच कागद देणे म्हणजे पराभवाची कबुलीच होती.

लिंच यांच्यापुढील सर्वांत कठीण प्रश्न मात्र लांबीचा नव्हता, तो मनोगतांचा होता. हर्बर्ट यांच्या लेखनपद्धतीत एकाच प्रसंगात, कित्येकदा एकाच परिच्छेदात, तीन-चार पात्रांच्या मनांत वाचकाचा संचार होतो. अराकिसवरील राजधानीत ड्यूक लेटो देत असलेल्या मेजवानीचे प्रकरण याचे उत्कृष्ट उदाहरण आहे. हात धुऊन पाणी जमिनीवर सांडायचे आणि ओल्या पंच्यांतून पिळलेले पाणी दाराशी जमणाऱ्या भिकाऱ्यांसाठी ठेवायचे, अशी त्या तहानलेल्या शहरातील श्रीमंतांची रीत ड्यूक मोडून काढतो. त्या एका कृतीवर प्रत्येक पाहुणा मनाशी काय हिशेब करतो यातून सारे राजकारण उलगडते. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे फक्त जेवणारी माणसे दिसतील. लिंच यांच्या चित्रपटात हे प्रकरण नाही, आणि २०२१ च्या चित्रपटातही नाही.

मनोगते ऐकविण्यासाठी लिंच यांनी कुजबुजत्या आवाजातील स्वगतांचा अवलंब केला. मराठी रसिकाला रंगभूमीवरील स्वगताची सवय आहे. तेथे नट प्रेक्षकाकडे वळतो, आणि इतर पात्रांना ते ऐकू येत नाही हा संकेत दोन्ही पक्षांनी मान्य केलेला असतो. चित्रपटात पात्राचा चेहरा निकटदृश्यात समोर असतो व तो चेहरा बरेच काही आधीच सांगत असतो. त्यावर तेच शब्द ऐकू आले की पुनरुक्ती होते. तरीही लिंच यांच्या या युक्तीची जी थट्टा झाली ती सर्वस्वी न्याय्य नव्हती. या कादंबरीत विचार हीच कृती आहे हे त्यांनी ओळखले होते. अँथनी मास्टर्स यांचे नेपथ्य आणि काही स्वप्नदृश्ये यांतील अपरिचितपणा आजही ताजा वाटतो.

अक्षम्य म्हणावा असा बदल शेवटी आहे. चित्रपटात पॉल विजयी होताच अराकिसवर पाऊस पडतो. कादंबरीत हा ग्रह हिरवा करण्याचे काम अनेक पिढ्यांचे आहे. शिवाय वाळूतील कृमी आणि मसाला यांचे अस्तित्वच कोरडेपणावर अवलंबून आहे, कारण पाणी त्या कृमींना मारक आहे. म्हणजे त्या एका पावसाने ग्रहाची अर्थव्यवस्था, अंतराळप्रवास आणि नायकाची सत्ता ही तिन्ही संपुष्टात यावयास हवीत. पण मोठा दोष याहून वेगळा आहे. पावसामुळे भाकीत खरे ठरते आणि पॉल खरोखरच देव ठरतो. हर्बर्ट यांनी चित्रपटाचे एकंदरीत स्वागत केले असले तरी, पॉल हा देव नसून देवाची भूमिका वठविणारा माणूस आहे, हा आपला आक्षेप त्यांनी नोंदविला होता.

अमेरिकेत या चित्रपटाचे उत्पन्न तीन कोटी डॉलरच्या आसपास राहिले, म्हणजे खर्चही निघाला नाही. १९८८ मध्ये दूरचित्रवाणीसाठी तीन तासांहून मोठी आवृत्ती तयार करण्यात आली, तेव्हा लिंच यांनी श्रेयनामावलीतून आपले नाव काढून घेतले. दिग्दर्शक म्हणून ‘अ‍ॅलन स्मिथी’ हे हॉलीवूडमधील रूढ टोपणनाव आणि लेखक म्हणून ‘ज्यूडास बूथ’ हे नाव झळकले. येशूचा घात करणारा ज्यूडास आणि लिंकन यांचा मारेकरी बूथ या दोघांच्या संयोगातून बनलेल्या या नावात दिग्दर्शकाची सारी कटुता उतरली आहे. जानेवारी २०२५ मध्ये लिंच यांचे निधन झाले. या चित्रपटाविषयी बोलणे ते सहसा टाळत असत.

दूरचित्रवाणी-मालिका आणि मधला काळ :

डिसेंबर २००० मध्ये अमेरिकेतील साय-फाय वाहिनीने जॉन हॅरिसन यांनी दिग्दर्शित केलेली तीन भागांची मालिका सादर केली. तिला छायाचित्रण व दृक्-परिणाम यांसाठी एमी पुरस्कार मिळाले. चार तासांहून अधिक अवधी मिळाल्यामुळे कथानक सुस्पष्ट झाले. मात्र प्राग येथील स्टुडिओत रंगविलेल्या पडद्यांपुढे उभे केलेले वाळवंट हे वाळवंट वाटत नाही. अवधी मिळाला तर अवकाश हरपतो, अशी ही परिस्थिती होती. पुढे २००८ ते २०११ या काळात पॅरामाउंट या संस्थेने प्रथम पीटर बर्ग व नंतर पिएर मोरेल यांच्याकरवी नवा चित्रपट काढण्याचा प्रयत्न केला, पण तोही सोडून दिला.

विलनव यांचे द्विखंडी रूपांतर (२०२१ व २०२४) :

२०१६ च्या अखेरीस लेजेंडरी या संस्थेने हक्क मिळविले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅनडातील क्वेबेकचे दिग्दर्शक दनी विलनव यांची नियुक्ती झाली. कुमारवयातच त्यांनी ही कादंबरी वाचली होती. कादंबरीचे दोन चित्रपट होतील ही त्यांची अट रूपांतराच्या दृष्टीने निर्णायक ठरली. जोखीमही त्यातच होती, कारण दोन्ही भाग एकदम चित्रित करण्याची अनुमती मिळाली नव्हती. पहिला भाग अपयशी ठरला असता तर कथा वाळवंटाच्या मध्यावरच कायमची थांबली असती.

चित्रीकरण २०१९ मध्ये जॉर्डनमधील वादी रम, अबूधाबी, नॉर्वे आणि बुडापेस्ट येथील स्टुडिओ येथे झाले. निळ्या वा हिरव्या पडद्यांऐवजी अनेक ठिकाणी वाळूच्या रंगाचे पडदे वापरल्याने चेहऱ्यांवर पडणारा परावर्तित प्रकाश स्वाभाविक राहिला. दृक्-परिणामांचे मुख्य काम डीनेग या संस्थेने केले. लंडनची डबल निगेटिव्ह ही संस्था २०१४ मध्ये मुंबईच्या प्राइम फोकसच्या जागतिक शाखेत विलीन होऊन तिचे हे रूप सिद्ध झाले असल्याने, अराकिसच्या वाळूचा मुंबईशी असा एक संबंध पोहोचतो.

मनोगतांचा प्रश्न विलनव यांनी कसा सोडविला हे एका प्रसंगावरून पाहता येते. कादंबरीच्या प्रारंभी एक वृद्ध स्त्री पॉलच्या मानेशी विषारी सुई धरून त्याचा हात वेदनेच्या पेटीत घालावयास लावते. हात मागे घेतला तर मृत्यू निश्चित. भीतीवर ताबा मिळविण्याचा मंत्र पॉल मनातल्या मनात म्हणतो. लिंच यांनी तो मंत्र स्वगतातून ऐकविला आणि जळणारा हातही दाखविला. विलनव यांच्या चित्रपटात तो मंत्र दाराबाहेर उभी असलेली आई, जेसिका, थरथरत पुटपुटते, तर आत पॉलचा केवळ चेहरा दिसतो. कादंबरीतही जेसिका दाराबाहेरच उभी आहे, म्हणजे प्रसंगात नवीन काहीच घातलेले नाही. फक्त मनातील शब्दांची जागा बदलली आणि त्यांना उच्चारण्याचे कारण मिळाले. अशाच रीतीने आई व मुलगा यांच्यातील गुप्त संभाषण हातांच्या खुणांवर सोपविण्यात आले.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागली आहे. डॉक्टर युए हा विश्वासघात करणार हे हर्बर्ट वाचकाला आरंभीच सांगून टाकतात. आपल्याला ठाऊक आहे आणि पात्रांना नाही, या जाणिवेतून कादंबरीच्या पूर्वार्धाला शोकांतिकेची छाया लाभते. चित्रपटाने ते लपवून ठेवले, त्यामुळे धक्का मिळाला पण ती छाया गेली. कादंबरीतला ‘जिहाद’ हा कळीचा शब्द गाळून त्या जागी धर्मयुद्ध या अर्थाचे इंग्रजी शब्द योजले गेले. २००१ नंतरच्या काळात हा सावधपणा समजण्याजोगा असला तरी, अरबी संस्कृतीतून इतके घेऊन प्रमुख भूमिकांत अरब नट जवळजवळ नसावेत, ही टीका रास्तच होती.

चित्रपट सप्टेंबर २०२१ मध्ये व्हेनिस महोत्सवात दाखविला गेला आणि २२ ऑक्टोबर रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. महासाथीच्या काळात निर्मात्यांनी तो चित्रपटगृहांबरोबरच त्याच दिवशी घरबसल्या पाहण्याच्या सेवेवरही उपलब्ध करून दिला. विलनव यांनी या निर्णयाचा जाहीर निषेध केला होता. तरीही १६ कोटी ५० लक्ष डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभर सुमारे ४० कोटी डॉलर मिळविले आणि प्रदर्शनानंतर चारच दिवसांनी दुसऱ्या भागाला मान्यता मिळाली. मार्च २०२२ मध्ये त्याला छायाचित्रण, संकलन, संगीत, नेपथ्य, ध्वनी व दृक्-परिणाम अशी सहा ऑस्कर पारितोषिके प्राप्त झाली. अभिनेत्यांच्या संपामुळे लांबलेला दुसरा भाग १ मार्च २०२४ रोजी आला आणि त्याचे उत्पन्न ७१ कोटी डॉलरच्या पुढे गेले.

नायकाचा प्रश्न :

रूपांतराच्या यशाचे खरे माप मात्र उत्पन्नात शोधता येत नाही. हर्बर्ट यांनी नायकपूजेविरुद्ध इशारा म्हणून लिहिलेली कादंबरी असंख्य वाचकांनी वीरकथा म्हणूनच वाचली. १९६९ मध्ये आलेल्या ‘ड्यून मसायाह’ या पुढील कादंबरीत पॉलच्या नावाने झालेल्या संहाराचा हिशेब मांडलेला आहे. तेव्हा पहिली कादंबरी आनंदाने छापणारे ‘अ‍ॅनलॉग’चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी दुसरी नाकारली. त्यांना आणि त्यांच्या वाचकांना विजयी नायक हवा होता. ती ‘गॅलक्सी’ या दुसऱ्या मासिकात क्रमशः छापून आली. म्हणजे १९८४ मध्ये पाऊस पाडणाऱ्या चित्रपटाच्या कितीतरी आधी, खुद्द कादंबरीच्या पहिल्या जाणकार वाचकानेच तिचा तसाच अर्थ लावला होता. संशय व्यक्त करणारी वाक्ये कादंबरीत पुष्कळ आहेत, परंतु कथेचा वेग त्यांच्यावर मात करतो.

पडद्यावर हा धोका दुपटीने वाढतो. देखणा तरुण नट, वाळूतील कृमीवर स्वार झालेली त्याची आकृती आणि त्याखाली घुमणारे संगीत एवढ्यावर प्रेक्षक त्याचा अनुयायी होतो. विलनव यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे चानी या पात्राचे पुनर्लेखन. कादंबरीतील चानी पॉलची निष्ठावंत सहचरी आहे. त्याने राजकारणासाठी सम्राटाच्या कन्येशी विवाह ठरविला तरी ती त्याच्या पाठीशी राहते, आणि इतिहास आपल्यासारख्यांनाच पत्नी म्हणेल, असे सांगून जेसिका तिचे सांत्वन करते. तेथेच कादंबरी संपते. चित्रपटातील चानी मात्र प्रेषिताच्या भाकितावर विश्वास ठेवत नाही. ही भाकिते आपल्या लोकांना गुलाम करण्यासाठी रचलेली आहेत असे ती उघडपणे बोलते. फ्रेमेन लोकांतही श्रद्धाळू दक्षिण आणि संशयी उत्तर असा भेद दाखविला आहे, जो कादंबरीत या रूपात नाही. हर्बर्ट यांनी निवेदकाच्या आणि पॉलच्या मनात ठेवलेला संशय अशा प्रकारे एका जिवंत पात्राच्या मुखी आला. भीतीचा मंत्र दाराबाहेरच्या आईकडे गेला त्याच रीतीने हेही घडले आहे.

यासाठी कालक्रमही आवळण्यात आला. कादंबरीत पॉल वाळवंटात काही वर्षे राहतो, त्याला मुलगा होतो व तो मारला जातो, धाकटी बहीण आलिया जन्माला येते आणि ती बालिकाच बॅरनचा वध करते. चित्रपटात हा सारा काळ एका गर्भारपणाच्या आत बसविला असून आलिया अखेरपर्यंत आईच्या पोटातच राहते. प्रौढ बुद्धीचे मूल पडद्यावर विश्वसनीय वाटणे कठीण, हे कारण असू शकेल. परंतु मारल्या गेलेल्या पुत्राचा उल्लेखच नाहीसा झाल्याने पॉलच्या कठोरपणामागील एक मानवी कारणही नाहीसे झाले, आणि त्याचे अखेरचे परिवर्तन काहीसे आकस्मिक वाटते. येथे रूपांतरकाराने एक मिळविण्यासाठी दुसरे सोडले आहे.

शेवटच्या दृश्यात पॉल सिंहासनाचा दावा करतो, इतर घराणी तो अमान्य करतात आणि तो आपल्या अनुयायांना त्यांच्यावर धाडतो. फ्रेमेन जयघोष करीत यानांकडे धावतात. चानी त्यांच्यात नाही. ती एकटी वाळवंटात जाते, कृमीला बोलावते आणि त्याची वाट पाहत उभी राहते. पाऊस पडत नाही.